वेल्डजवळ वाकलेला ६०६१-टी६: माल खरा आहे, टेंपर गेला

प्रश्न असा आहे. भोसरीतल्या एका वर्कशॉपने पॅकिंग मशीनसाठी १० मिमी जाडीच्या ६०६१-टी६ प्लेटचे एल आकाराचे ब्रॅकेट बनवले. ६०६१ हा ॲल्युमिनियमचा मिश्रधातू आणि टी६ हा त्याचा टेंपर, म्हणजे उष्णता देऊन आणलेली कडक अवस्था. जोड टिग वेल्डिंगने, ४०४३ च्या फिलर रॉडने (जोडात वितळवून भरायची ॲल्युमिनियमची कांडी) केला. मशीन चालू झाल्यावर आठवडाभरातच दोन ब्रॅकेट वाकले. वेल्ड शाबूत राहिला आणि वेल्डपासून साधारण १२ मिमीवर प्लेटच वाकली. धातूत काय किती आहे ते सांगणाऱ्या स्पेक्ट्रो रिपोर्टमध्ये सिलिकॉन ०.६२, मॅग्नेशियम ०.९५, तांबं ०.२४, क्रोमियम ०.१२, लोह ०.३८ टक्के आलं. ब्रिनेल हार्डनेस वाकलेल्या जागी ५८ आणि प्लेटच्या दुसऱ्या टोकाला ९४. सप्लायर म्हणतो माल ओरिजिनल आहे. विचारणा दोन आहेत: माल डुप्लिकेट आहे का, आणि त्याऐवजी ७०७५ हा जास्त ताकदीचा ॲल्युमिनियम मिश्रधातू वापरू का?

माल डुप्लिकेट नाही, आणि ७०७५ अजिबात घेऊ नका. आता कारणं सांगतो. गेली सव्वीस वर्षं मी ॲल्युमिनियमच्या हीट ट्रीटमेंटमध्ये आणि फॅब्रिकेशनमध्ये आहे. या एकाच गैरसमजापायी चांगला माल परत पाठवलेला आणि चांगले सप्लायर तोडलेले मी बरेच पाहिलेत.

आधी तुमचा रिपोर्ट घेऊ. ६०६१ मध्ये सिलिकॉन ०.४० ते ०.८, मॅग्नेशियम ०.८ ते १.२, तांबं ०.१५ ते ०.४०, क्रोमियम ०.०४ ते ०.३५ टक्के हवं. लोह ०.७ च्या आत, मँगनीज ०.१५ च्या आत, जस्त ०.२५ च्या आत, टायटॅनियम ०.१५ च्या आत. बाकी सगळं ॲल्युमिनियम. तुमचे आकडे या चौकटीत मधोमध बसतात. तांबं ०.२४ आहे, म्हणजे कोणी ६०८२ किंवा ६०६३ माथी मारलेलं नाही, कारण त्या दोन्हींत तांबं ०.१० च्या वर जात नाही. आपल्या बाजारात हे मुद्दाम तपासावं लागतं. ‘एचई-३०’ म्हणून जे मिळतं ते ६०८२ च्या जातीचं असतं. भारतीय मानकातला त्याचा क्रमांक ६४४३०, आणि ६०६१ चा ६५०३२. ६०८२ ओळखायची खूण म्हणजे मँगनीज: ०.४० ते १.० टक्के. पुष्कळ दुकानदार दोन्ही एकाच नावाने विकतात. बऱ्याच जॉबना त्याने काही बिघडत नाही, पण खिडक्यांच्या सेक्शनचं ६०६३ आलं तर मात्र नक्की बिघडतं.

यात मॅग्नेशियम आणि सिलिकॉन ही जोडी महत्त्वाची. दोन्ही मिळून मॅग्नेशियम सिलिसाइड बनतं आणि ताकद त्याच्यातूनच येते. वजनाने १.७३ भाग मॅग्नेशियमला १ भाग सिलिकॉन लागतं. तुमच्या ०.९५ मॅग्नेशियमला सुमारे ०.५५ सिलिकॉन पुरतं. उरलेलं थोडं सिलिकॉन लोह खेचून घेतं. म्हणजे दीड टक्क्याच्या आसपास मॅग्नेशियम सिलिसाइड तुमच्या प्लेटमध्ये आहे. तांबं ताकदीत थोडी भर घालतं, क्रोमियम कणरचना बारीक ठेवतं.

पण तुमच्या वाकलेल्या जागीही हे सगळं तितकंच आहे! स्पेक्ट्रोची ठिणगी वेल्डपासून १२ मिमीवर पाडा किंवा लांबच्या टोकाला पाडा, आकडे तेच येतील. आणि तरी एका जागी हार्डनेस ९४ आहे, दुसऱ्या जागी ५८. स्पेक्ट्रो मशीन प्लेटमध्ये काय काय आहे तेवढं सांगतं. ते आत कसं बसलंय हे त्याला दिसत नाही, आणि ६०६१ ची ताकद कसं बसलंय यावरच ठरते.

त्याचे आकडे पाहा. पूर्ण मऊ केलेल्या, म्हणजे ‘ओ’ टेंपरच्या ६०६१ ची यील्ड, म्हणजे ज्या ताणाला धातू कायमचा वाकायला लागतो तो आकडा, साधारण ५५ मेगापास्कल असते. टी४ मध्ये, म्हणजे तापवून पाण्यात टाकून नुसतं ठेवलेल्या मालात, १४५. टी६ मध्ये २७६. अंतिम ताण, म्हणजे तुटण्याआधी सोसलेला सर्वांत जास्त ताण, मऊ असताना १२४ आणि टी६ मध्ये ३१०. ब्रिनेल ३० वरून ९५ पर्यंत जातं. रसायन तेच असताना यील्ड पाचपट होते. म्हणून ऑर्डरवर नुसतं ‘६०६१’ लिहिणं म्हणजे दुकानात जाऊन नुसतं ‘तांदूळ द्या’ म्हणण्यासारखं आहे.

ही ताकद येते कशी, हे समजलं तर तुमचा ब्रॅकेट का वाकला ते आपोआप समजेल. लोहार कोयत्याला पाणी देतो ते आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. लाल तापलेलं पातं पाण्यात बुडवलं की त्याच क्षणी कडक होतं. त्यामुळे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय की पाणी दिलं म्हणजे कडक. ॲल्युमिनियमचं तसं नाही. ६०६१ आधी सुमारे ५३० अंशांवर तापवतात. पाकात साखर विरघळावी तसं मॅग्नेशियम आणि सिलिकॉन ॲल्युमिनियममध्ये पूर्ण विरघळतं. मग लगेच पाण्यात टाकतात. विरघळलेलं बाहेर पडायला वेळच मिळत नाही, ते आत अडकून राहतं. या क्षणी प्लेट मऊ असते, सहज वाकवता येते. ताकद येते ती नंतर, मुरवल्यावर. १७५ अंशांच्या ओव्हनमध्ये आठ तास किंवा १६० अंशांवर अठरा तास. शॉपमध्ये आपण याला एजिंग म्हणतो. मला मुरवणं हाच शब्द जास्त बरोबर वाटतो, कारण लोणच्यासारखं इथेही वेळ आणि उष्णता दोन्ही मापात लागतात.

मुरताना आतून मॅग्नेशियम-सिलिकॉनच्या अतिसूक्ष्म सुया तयार होतात, जेमतेम काही नॅनोमीटर जाडीच्या. धातू वाकतो म्हणजे त्याच्या अणूंचे थर एकमेकांवरून सरकतात. या लाखो सुया पाचरीसारख्या त्या सरकण्याच्या आड येतात. पण मुरवणं जास्त झालं किंवा तापमान चढलं, की या सुया एकमेकींना गिळून मोठ्या होतात. संख्या घटते, मधलं अंतर वाढतं आणि थर पुन्हा मोकळे सरकायला लागतात. मसाला तितकाच, पण भरड झालेला.

हा प्रकार पहिल्यांदा लक्षात आला १९०६ साली जर्मनीत. आल्फ्रेड विल्म तांबं आणि मॅग्नेशियम घातलेल्या ॲल्युमिनियमवर काम करत होते. पाणी देऊन कडकपणा मोजला तर फार काही नव्हता. काही दिवसांनी तोच तुकडा मोजला तर कडकपणा बराच वाढलेला. असं का होतं हे त्यांना त्या वेळी सांगता आलं नाही. आतल्या रचनेचा पुरावा १९३८ मध्ये गिनिए आणि प्रेस्टन यांनी क्ष-किरणांतून, वेगवेगळं काम करून दिला. आपला ६०६१ त्याच्या तीन वर्षं आधी, १९३५ मध्ये अमेरिकेत तयार झाला होता. तेव्हा त्याचं नाव ६१एस. आतला पुरावा हाती यायच्या आधी वापर सुरू झाला, हे मला आजही विलक्षण वाटतं.

आता तुमच्या टिगकडे येऊ. वेल्डच्या तळ्यात धातू वितळतो, म्हणजे ६५० अंशांच्या आसपास. त्याला लागून एक अरुंद पट्टी ५०० च्या वर जाते. तिथल्या सुया पुन्हा विरघळतात, वेल्ड थंड झाल्यावर तो भाग साधारण टी४ सारखा उरतो आणि काही आठवड्यांत आपोआप थोडा सावरतोही. त्याच्या पलीकडे, ३०० ते ४०० अंश लागलेला पट्टा येतो. ५०० च्या खाली राहिल्यामुळे तिथे सुया विरघळत नाहीत, त्या फुगून मोठ्या होतात. सगळ्यांत मऊ जागा हीच, आणि ती कितीही दिवस ठेवली तरी सावरत नाही. तुमची प्लेट वेल्डपासून १२ मिमीवर वाकली ती याच पट्ट्यात. वेल्डर चांगला होता म्हणूनच वेल्ड टिकला आणि झळ लागलेला पट्टा हरला. त्याला बोल लावू नका.

डिझाइन करताना वेल्डच्या दोन्ही बाजूंना २५ मिमीचा पट्टा मऊ झालाच असं धरतात. अमेरिकन डिझाइन नियमांत त्या पट्ट्यात ६०६१-टी६ ची यील्ड १०५ मेगापास्कल धरली जाते. पण त्यातली एक बारीक गोष्ट तुम्हाला नेमकी लागू आहे. जाडी ९.५ मिमीच्या वर असेल आणि रॉड ४०४३ चा असेल, तर तो आकडा आणखी खाली येतो, साधारण ७५. ५३५६ चा रॉड वापरला तर १०५ च राहतो. तुमची प्लेट १० मिमीची. अर्ध्या मिमीने तुम्ही वाईट बाजूला गेलात. ड्रॉइंगमध्ये हिशोब २७६ चा केला होता, हातात होते ७५.

४०४३ वाईट नाही, हे आवर्जून सांगतो. त्यात साडेचार ते सहा टक्के सिलिकॉन असतं, ते छान वाहतं आणि वेल्ड तडकू देत नाही. ६०६१ ला ती भीती मोठी आहे. मॅग्नेशियम सिलिसाइड एक टक्क्याच्या आसपास असलं की थंड होताना तडा जाण्याची प्रवृत्ती सगळ्यांत जास्त असते, आणि ६०६१ त्याच टप्प्यात बसतो. म्हणून रॉड न घालता नुसत्या कडा वितळवून ६०६१ जोडायचा प्रयत्न कधीच करू नका. ५३५६ मध्ये सुमारे पाच टक्के मॅग्नेशियम असतं. त्याचा वेल्ड ताकदवान आणि चिवट असतो, अ‍ॅनोडायझिंगनंतर (विजेच्या साहाय्याने पृष्ठभागावर चढवलेला ऑक्साइडचा थर) रंगही जुळतो. ४०४३ चा वेल्ड अ‍ॅनोडायझिंगमध्ये काळपट पडतो. ५३५६ फक्त सतत ६५ अंशांच्या वर तापणाऱ्या जागी टाळा. तुमच्या पॅकिंग मशीनमध्ये सीलिंग हीटर जवळ असेल तर ब्रॅकेटचं तापमान मोजून घ्या.

प्रीहीटबद्दल, म्हणजे वेल्डआधी प्लेट तापवण्याबद्दल, तुम्ही काही लिहिलेलं नाही, पण विचारतो. १० मिमीची प्लेट उष्णता भराभर ओढून घेते, त्यामुळे वेल्डर सरळ गॅसची बत्ती लावतात. १२० अंशांच्या वर जाऊ देऊ नका, वेल्डच्या दोन थरांच्या मध्येसुद्धा नाही. लोखंड तापलं की लाल होऊन सांगतं. ॲल्युमिनियम वितळेपर्यंत रंग बदलत नाही, त्यामुळे डोळ्यांवर विसंबता येत नाही. तापमानाचा खडू ठेवा, तो ठरलेल्या तापमानाला वितळतो. मी नवीन असताना एका शॉपमध्ये ६०६१ च्या पाइपची वाकडी झालेली फ्रेम आम्ही बत्तीने तापवून सरळ केली होती. अगदी सुरेख सरळ झाली. गिऱ्हाइकाकडे बसवली आणि महिन्याभरात तिथेच पुन्हा वाकली. एका माणसाचा हात थोडक्यात वाचला. त्या दिवसापासून टी६ च्या मालाजवळ बत्ती दिसली की मी हातातलं काम टाकून तिकडे जातो.

७०७५ चं सांगतो. ताकद आहेच: टी६ मध्ये यील्ड ५०० च्या घरात. जस्त पाच-सहा टक्के, मॅग्नेशियम, तांबं, असा मसाला. पण तो टिगने वेल्ड करायचा धातू नव्हे. लगेच तडा दिसला नाही तर नंतर दिसेल. बोल्ट करूनच वापरायचा असतो. आणि तुमचा खरा त्रास ब्रॅकेट चालताना हलतो हा असेल, तर त्याने काहीच साधणार नाही. ताठपणा मिश्रधातूवर जवळजवळ अवलंबून नसतो. ताठपणाचा आकडा, म्हणजे इलॅस्टिक मोड्युलस, ६०६१ चा ६८.९ गिगापास्कल, ७०७५ चा ७१.७. टेंपर कुठलाही असो, हा आकडा हलत नाही. तुमचा मऊ पडलेला पट्टाही तितकाच ताठ आहे, फक्त लवकर कायमचा वाकतो. स्टीलचा मोड्युलस याच्या तिप्पट असतो. म्हणून स्टीलच्या पट्टीइतकंच लवायला हवं असेल तर ॲल्युमिनियमची पट्टी साधारण १.४४ पट जाड घ्यायची. तरी वजन निम्मंच भरतं. ॲल्युमिनियमचा खरा फायदा इथे आहे.

आता दुरुस्तीचं. माझ्या मते पहिला उपाय म्हणजे वेल्डच काढून टाका. एल ब्रॅकेटचा कोपरा हीच सगळ्यांत जास्त बेंडिंग मोमेंटची, म्हणजे वाकवणाऱ्या जोराची, जागा आणि तुम्ही नेमका तिथेच धातू मऊ केलात. जाड प्लेटमधून एकसंध मिलिंग करा किंवा दोन प्लेट बोल्टने जोडा. ॲल्युमिनियममध्ये आटे पाडायचे असतील तर खोली बोल्टच्या व्यासाच्या दुप्पट ठेवा आणि वारंवार उघडायचा बोल्ट असेल तर हेलिकॉइल (भोकात बसवायचे तारेचे आटे) टाका. मिलिंगसाठी प्लेट घेताना टी६ न घेता टी६५१ मागा. पाणी दिल्यावर प्लेट थोडी ताणून आतले ताण काढलेले असतात, त्यामुळे एका बाजूने माल काढल्यावर जॉब केळ्यासारखा वाकत नाही. मार्करने ‘टी६’ लिहिलेल्या प्लेटवर हा फरक दिसत नाही, तो टीसीवरच, म्हणजे मालाच्या टेस्ट सर्टिफिकेटवरच, पाहावा लागतो.

वेल्ड ठेवायचाच असेल तर जाडी वाढवा. प्लेटच्या हमीच्या २४० यील्डवर हिशोब केला आणि ५३५६ ने १०५ मिळाले, तर जाडी सुमारे दीडपट हवी, म्हणजे १५ मिमीच्या थोडी वर; १६ मिमी धरा. किंवा वेल्ड कोपऱ्यातून हलवून कमी ताणाच्या जागी न्या. तिसरा मार्ग: माल टी४ मध्ये घ्या, वेल्ड करा आणि मग पूर्ण ब्रॅकेट ओव्हनमध्ये मुरवा. टी४ मध्ये सुया अजून तयार झालेल्या नसतात, त्यामुळे झळीचं नुकसान कमी आणि नंतरच्या मुरवण्यात बरीच ताकद परत येते. पण आता हातात असलेले टी६ चे वेल्ड केलेले ब्रॅकेट नुसते ओव्हनमध्ये टाकून काही मिळणार नाही. फुगलेल्या सुया १७५ अंशांवर विरघळत नाहीत. त्यांना पुन्हा ५३० ला नेऊन पाणी द्यावं लागेल. त्यात ब्रॅकेट पिळवटेल, शिवाय जाड वेल्डमधला ४०४३ स्वतःहून कडक होत नाही, त्यात मॅग्नेशियमच नसतं. अशा कामासाठी थोडं मॅग्नेशियम असलेला ४६४३ चा रॉड असतो. दोन ब्रॅकेटसाठी ही खटपट करू नका.

पूर्ण वेल्डेड फ्रेमच बनवायची असेल तर ५०८३ चा विचार करा. चार ते पाच टक्के मॅग्नेशियम, ताकद मिश्रणातून आणि लाटण्यातून, मुरवणं नाही. झळीने होणारं नुकसान बरंच कमी. बोटबांधणीत तो उगीच रुळलेला नाही.

पुढच्या खेपेला माल घेताना टीसीवर रसायनाच्या खालची ओळ वाचा: टेंपर, यील्ड, एलाँगेशन (तुटेपर्यंत किती लांबतो). ती खोटी असू शकते. २००९ मध्ये नासाचा ऑर्बिटिंग कार्बन ऑब्झर्व्हेटरी आणि २०११ मध्ये ग्लोरी हे उपग्रह टॉरस एक्सएल रॉकेटवरून सोडले, पण टोकावरचं आवरण उघडलं नाही आणि दोन्ही गेले. ७० कोटी डॉलरहून जास्त नुकसान. तपासाअंती कळलं, की त्या आवरणाच्या जोडातली ॲल्युमिनियमची एक्सट्रूजन (साच्यातून दाबून काढलेले सेक्शन) ज्या कंपनीची होती, तिथे यांत्रिक चाचण्यांचे आकडे एकोणीस वर्षं बदलले जात होते.

यावर आपल्या आवाक्यातला उपाय म्हणजे हार्डनेस आणि विद्युतवाहकता दोन्ही मोजणं. टी६ मध्ये ब्रिनेल ९५ च्या आसपास आणि वाहकता तांब्याच्या मानकाच्या ४३ टक्के. टी४ मध्ये ६५ आणि ४० टक्के. पूर्ण मऊ असेल तर ३० आणि ४७ टक्के. नुसता हार्डनेस कमी आला तर माल मुरवलाच नाही की जास्त तापला, ते कळत नाही. वाहकता जोडीला असली की कळतं. हार्डनेस कमी आणि वाहकताही कमी, तर मुरवणं राहिलंय. हार्डनेस कमी आणि वाहकता जास्त, तर कुठेतरी ज्यादा उष्णता लागलीय. एडी करंटवर चालणारं वाहकता मीटर लागतं. ते विकत घ्यायची गरज नाही, तपासणी करून देणाऱ्या लॅबकडे तुकडा पाठवला तरी चालेल.

वाकलेला एक ब्रॅकेट भंगारात टाकू नका. वेल्डपासून ५, १२, २५ आणि ५० मिमीवर दोन्ही चाचण्या करून घ्या. १२ मिमीवर वाहकता ४३ च्या वर निघाली आणि ५० मिमीवर ४३ च्या आसपास राहिली, तर तो कागद सप्लायरला दाखवून त्याची नवी ऑर्डर मोकळी करा आणि ड्रॉइंगवर वेल्डच्या दोन्ही बाजूंना २५ मिमीचा पट्टा लाल पेनाने आखून घ्या.